आत्या, तुझ्या वाट्याचं पान

आत्या, तुझ्या पुण्यानुमोदनाची पत्रिका काल छापून झाली. बाबांनी स्वतः जुळवली. तुझं पूर्ण नाव, जन्मगाव, टेलिफोन खात्यातली नोकरी, मागे कोण कोण आहे, सगळं त्यात आलंय. मी प्रूफ वाचलं आणि तू मला त्यात कुठेच सापडली नाहीस. खाली चार ओळींची जागा मोकळी होती. बाबा मला म्हणाले, तू लिहितेस ना, मग आत्याबद्दल चार ओळी दे. मी दिवसभर कागद पुढ्यात घेऊन बसले. ऊठसूट कशावरही पत्रक काढणारी मी, मला चार ओळी जमल्या नाहीत. शेवटी बाबांनी त्या जागेत पिंपळपानाचं चित्र टाकलं.

म्हणून हे असं, पत्रिकेत न मावलेलं. तू ऐकणारी बाई होतीस. तेव्हा तुलाच सांगते.

तू मनमाडच्या एक्स्चेंजमधून बदली होऊन आपल्या गल्लीत राहायला आलीस तेव्हा मी शाळेत होते. नात्याने तू कुणाचीच आत्या नव्हतीस. पण आल्या आल्या नळावरच्या भांडणात पडलीस, दोघींचंही ऐकून घेतलंस आणि दोघींच्याही घरी चहा प्यायलीस. त्या दिवसापासून तू सगळ्यांची आत्या झालीस. बाबांचा छापखाना म्हणजे दुकानाच्या मागची एक खोली. तिथे एक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, एक कागद कापायचं मशीन आणि भिंतीपर्यंत रचलेली पत्रकं. मी त्या गठ्ठ्यांवर झोपायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर बाराखडी गिरवली. माझं नावच क्रांती ठेवलेलं, म्हणजे सुटका नव्हती. तू ड्युटीवरून येताना डोकावायचीस आणि विचारायचीस, "क्रांती झाली का, की अजून झोपलीय?" बाबा हसायचे, मी चिडायचे.

माझं पहिलं पत्रक गल्लीतल्या पाण्यावर होतं. शाळेत असतानाच लिहिलेलं. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत जाहीर निषेध. तू घड्या घालायला बसली होतीस. एक प्रत उचललीस, शेवटपर्यंत वाचलीस, परत ठेवलीस.

"आवाज मोठाय," म्हणालीस. "पण क्रांते, यात कुणी घरी नाहीये."

मी म्हटलं, म्हणजे काय?

"समाज आहे, शासन आहे, जनता आहे. पहाटे हंडा घेऊन उभी राहणारी शांता कुठंय?"

शांताबाईचा इथे संबंध नाही, मी सांगितलं. प्रश्न एका बाईचा नाही, प्रश्न व्यवस्थेचा आहे. तू पुढची घडी घातलीस आणि नुसती मान हलवलीस. ती मान पटल्याची नव्हती हे मला तेव्हाही कळलं होतं. आपलं भांडण तिथे सुरू झालं आणि ते गेल्या आठवड्यापर्यंत चाललं. माझं म्हणणं आजही तेच आहे. एकेकट्या माणसाचं दुःख कुरवाळत बसलं की ज्यांनी ते दिलं ते सुटतात. तुझं म्हणणं तू कधी वाक्यात सांगितलंच नाहीस. तू फक्त विचारायचीस, मोर्चा निघेपर्यंत त्या माणसाने काय करायचं.

एकदा मी तावातावाने म्हणाले होते की एकटेपणा हा गंगापूर रोडच्या बंगल्यांतला आजार आहे. आपल्या गल्लीत शेजारच्या फोडणीने आपल्याला शिंक येते, इथे कुठून कोण एकटं असणार! त्यावर तू मला एक्स्चेंजची गोष्ट सांगितलीस. ट्रंक कॉल जोडून दिला की कान काढून घ्यायचा, लोकांचं बोलणं ऐकायचं नाही, असा नियम होता. तू तो पाळायचीस. पण लाइन लागली का हे बघायला पहिला हॅलो मात्र ऐकावाच लागायचा. म्हणालीस, वर्षानुवर्षं नुसते पहिले हॅलो ऐकले. काही हॅलो असे असायचे की वाटायचं, हा माणूस आज दिवसभरात पहिल्यांदाच बोलतोय. आणि अशा हॅलोंच्या मागे खूपदा भरल्या घराचा गलका ऐकू यायचा.

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला त्यात मुद्दा दिसला नव्हता.

मग या पावसाळ्यात स्वाइन फ्लू आला. आधी पुण्याची बातमी, मग आपल्याकडची. टीव्हीवर दिवसभर आकडा फिरत होता, जसा क्रिकेटचा स्कोअर फिरतो. शाळा बंद, सिनेमा बंद. ज्याच्या त्याच्या गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी. मेडिकलवाले मास्क दामदुपटीने विकत होते आणि ज्यांना परवडत नव्हते ते तोंडाला हातरुमाल बांधून फिरत होते. वर्षावास चालू होता. आषाढी पौर्णिमेपासून विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाललेलं. पण गर्दी टाळा असं सांगितलं गेलं आणि विहार कमिटीचे अध्यक्ष निकमकाका यांनी विहाराला कुलूप लावलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या घरात म्हातारी आई, तिला दमा. पण कुलूप लागलं आणि गल्ली एका दिवसात बदलली. कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा पुण्याहून खोकत आला, तपासला, त्याला काहीही निघालं नाही, तरी त्या घराशी कुणी बोलेना. जी माणसं शेकडो वर्षं दुसऱ्यांच्या विटाळाखाली पिचली ती आपापसात अंतर मोजायला लागली. मला संताप आला आणि संताप आला की मी जे करते ते केलं. पत्रक काढलं. मास्कचा काळाबाजार थांबवा, तपासणी मोफत करा.

आणि आत्या, ते कुणी हातात घेईना. मी गल्लीच्या तोंडाशी गठ्ठा घेऊन उभी होते. लोक लांबूनच हात जोडत, वाचलं समजा म्हणत आणि कडेने निघून जात. कागदाला हात लावायची भीती. पत्रकं दगडाखाली ठेवली तर पावसाने लगदा झाला. आमच्या अभ्यासगटातली मुलं तोवर पांगली होती. कुणी पुण्याला कॉल सेंटरमध्ये, कुणी गावी. बैठक बोलवली तर येणारी मी एकटीच. तू तुझ्या दारातून सगळं बघत होतीस. संध्याकाळी मला हाक मारलीस आणि चहा देता देता विचारलंस, "मोर्चात तुझ्या उजव्या हाताला कोण असतं गं? नाव सांग."

मला सांगता आलं नाही. तू कप विसळायला घेतलास. मला तुझा इतका राग आला होता म्हणून सांगू.

त्याच संध्याकाळी तू मला पगारेबाबा दाखवलेस. रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेला म्हातारा, बायको गेलेली, मुलगा कल्याणला. मुलगा दर रविवारी नातवंडांना घेऊन यायचा, तो भीतीने यायचा थांबला होता. विहारातलं वाचन हे पगारेबाबांचं दिवसातलं एकमेव बाहेर पडणं. विहार बंद होता तरी ते रोज त्या वेळी अंगात धुतलेला सदरा घालून विहारापर्यंत जात, कुलपासमोर थोडा वेळ उभे राहत आणि परत येत. मग बोट वर करून तू निकमकाकांच्या माडीवरची खोली दाखवलीस. तिथे मंगला राहत होती, सुरगाण्याकडची कोकणा आदिवासी मुलगी, डी.एड.ला शिकायला आलेली. खोलीतल्या दोघी मालेगावकडच्या होत्या, त्या घरी गेल्या. हिच्या बापाने फोन करून सांगितलं, गावात लोक म्हणतात शहराचा आजार आणू नका, तू येऊ नको. तिने तुला नंतर सांगितलं की कधीकधी सबंध दिवसात तिच्या तोंडून फक्त किराणा दुकानात "एक बिस्किटपुडा" एवढेच शब्द निघायचे.

दुसऱ्या दिवशी तू विहाराची किल्ली मागून घेतलीस, लाल कपड्यात गुंडाळलेला ग्रंथ छातीशी धरून छापखान्यात आलीस आणि बाबांना म्हणालीस, "याचा कणा काप."

बाबा उभेच राहिले. ज्या माणसाने आपल्याला माणूस केलं त्याने लिहिलेला तो ग्रंथ. आमच्या घरी तो उघडायच्या आधी हात धुतात. बाबांनी आयुष्यभर कागद कापले, पण हे ऐकून त्यांनी मशीनवरचा हात काढून घेतला. निकमकाका तुझ्या मागोमाग धावत आले होते. ते ओरडले की हा वेडेपणा आहे, वाचायचंच असेल तर घरोघर ग्रंथ आहे, ज्याने त्याने आपापला वाचावा.

"म्हणूनच," तू म्हणालीस. "आपापला वाचला की संपलं. मला असा ग्रंथ पाहिजे जो कुणाच्याच घरी पुरा नाही."

ती तुझी शांत आवाजातली ओळ. मी इतकी वर्षं घोषणा लिहिते आहे, इतकी भेदक एकही लिहिली नाही. तरीही त्या क्षणी मला ती पुरती कळली नव्हती. बाबांना कळली असावी. त्यांनी हात धुतले, वंदन केलं, ग्रंथ मशीनखाली ठेवला आणि मग म्हणाले, माझ्याने होणार नाही. तू त्यांच्या हातावर हात ठेवलास. दांडा खाली आला. कर्र असा आवाज झाला आणि ग्रंथाची सुटी पानं झाली. निकमकाका डोळे मिटून उभे होते.

पत्ते वाटावेत तशी तू पानं वाटलीस. आपल्या ओळीने जायचं, टोकाला वळायचं, समोरच्या ओळीने परत यायचं. एक पान या दाराला, पुढचं पुढच्या दाराला, आणि फेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून. नियम साधा होता. दिवेलागणीला ज्याने त्याने आपल्या उंबऱ्यात उभं राहून आपलं पान मोठ्याने वाचायचं. एकाचं संपलं की पुढच्याने सुरू करायचं. आणि मधलं पान गाळून किंवा दुसऱ्याने वाचून पुढे जायचं नाही. घर गप्प असेल तर सगळ्यांनी थांबायचं. निकमकाकांनी मंगलाच्या पानाला हरकत घेतली होती. ती आपल्यातली नाही, तिला यातलं काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. तू विचारलंस, गल्लीतली आहे ना? आणि निकमकाकांच्या पानाच्या आधीचं पान तिला देऊन आलीस.

तुझ्यासाठी तू पान घेतलं नाहीस. तुझ्या मांडीवर फक्त ग्रंथाचे पुठ्ठे होते, लाल कपड्यात. नळाजवळ लाल प्लास्टिकची खुर्ची टाकून, तोंडाला रुमाल बांधून तू बसायचीस. मी विचारलं, तू का वाचत नाहीस? म्हणालीस, कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणारं पाहिजे ना.

पहिल्या संध्याकाळी मी दारात हात बांधून उभी होते. मनात म्हणत होते की गोळ्या मिळत नाहीत आणि आपण पानं वाचतोय. बाबांनी वाचलं. शेजारणीने वाचलं. आवाज आपल्या ओळीने पुढे सरकत गेला, लांब गेला, बारीक झाला, टोकाला वळला आणि समोरच्या बाजूने आपल्याकडे परत यायला लागला. आत्या, मी सभा ऐकल्या आहेत, लाऊडस्पीकरवरची मोठमोठी भाषणं ऐकली आहेत. पण सबंध गल्ली एका वाक्यासाठी कान देऊन उभी राहिलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. कारण आपलं पान कुठून सुरू होतं हे कळायला आधीच्या घराचं ऐकावंच लागत होतं. पान संपताना वाक्य अर्धं तुटायचं. ते शेजारच्या घरात पुरं व्हायचं.

पगारेबाबांना चष्म्यातूनही नीट दिसत नव्हतं. अडखळत, ओळीवर बोट ठेवून वाचायचे. पोरं फिदीफिदी हसली. तू खुर्चीतून नुसतं बघितलंस आणि ती गप्प झाली. पुढे पुढे ते बरं वाचायला लागले, आणि का ते मला एका दुपारी कळलं. त्यांच्या खिडकीखालून जाताना आतून आवाज येत होता. ते दिवसभर संध्याकाळच्या पानाची तयारी करत होते. वाचून झालं की ते जोडून द्यायचे, "झालं माझं. आज गुडघा लय धरलाय." मग समोरून कुणीतरी तेल सांगायचं, कुणीतरी डॉक्टर, आणि निकमकाकांची आई आतून ओरडायची की गप्प बसा, पुढचं ऐकू द्या. वाचनाला हळूहळू असं शेपूट लागत गेलं. मंगलाचा आवाज आधी कुणाला ऐकूच जात नव्हता. मग तो जिन्याच्या खालपर्यंत पोचला, मग नळापर्यंत. तिच्या बोलीचा हेल त्या छापील मराठीत असा काही मिसळायचा की जुनीच वाक्यं नव्याने ऐकू यायची.

आणि एका संध्याकाळी पगारेबाबांचं पान झालं आणि वर काही हललं नाही.

गल्ली थांबली. कुणीतरी म्हणालं, झोपली असेल. कुणीतरी म्हणालं, पुढचं घ्या. निकमकाकांनी आपलं पान डोळ्यांसमोर धरलं. तू खुर्चीतून उठलीस.

"थांबा," म्हणालीस. "पान तिचं आहे."

तू जिना चढलीस. मी तुझ्या मागून आले. दाराला आतून कडी होती. तू ठोठावलं नाहीस, दाराला तोंड लावून अगदी हळू म्हणालीस, "हॅलो." मनमाडच्या एक्स्चेंजमध्ये असंच म्हणत असशील. बऱ्याच वेळाने कडी निघाली. पोरगी तापाने फणफणली होती. कुणाला कळलं तर खोलीतून काढतील म्हणून तिने ताप लपवला होता. पांघरुणाजवळ तिचं पान होतं. वाचायला उठायचा प्रयत्न केला पण उठता आलं नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू चूक तिचीच.

आपण तिला दवाखान्यात नेलं. दोन-चार दिवसांनी सोडताना सांगितलं की धोका टळलाय, पण घरीच वेगळं राहू द्या. निकमकाका जिन्यात आडवे उभे राहिले. हात जोडले होते त्यांनी. माझी आई मरेल, असं ते म्हणत होते. तू एका शब्दाने वाद घातला नाहीस. मंगलाला स्वतःच्या बाहेरच्या खोलीत ठेवलंस आणि तू स्वयंपाकघरात अंथरूण टाकलंस.

मी त्या दुपारी पत्रक लिहिलं. नाव घेऊन. विहाराचा अध्यक्ष आणि आदिवासी मुलीला दार बंद! मी ते तुझ्या खिडकीतून तुला वाचून दाखवलं. अजूनही मला वाटतं की ते माझं सर्वांत चांगलं पत्रक होतं.

"हे निघालं की त्याला मागे फिरता यायचं नाही," तू म्हणालीस.

मी म्हटलं, त्याने मागे फिरावं असं मला वाटतच नाही, लोकांपुढे उघडा पडावा.

"मला पोरगी तिच्या खोलीत पाहिजे. तुला काय पाहिजे ते तू बघ."

मी ते छापलं नाही. तुझं पटलं म्हणून नाही. तू जे केलंस ते बघून मी गप्प झाले. मंगला संध्याकाळी तुझ्या खिडकीतून आपलं पान वाचायला तयार होती, आवाजही आला होता. तू तिला वाचू दिलं नाहीस. मी स्वतः ऐकलं, तू तिला म्हणालीस, "इथून वाचलंस तर गल्ली पुढे जाईल आणि तुझी खोली मागे राहील."

मग रोज संध्याकाळी तेच. बाबा त्या अडलेल्या फेरीचं पान पुन्हा वाचायचे, शेजारीण वाचायची, आवाज टोकाला वळायचा, पगारेबाबा वाचायचे आणि सगळं थांबायचं. नळाजवळची खुर्ची रिकामी, तू तुझ्या उंबऱ्यात. वरची खोली अंधारी. तिच्याखाली निकमकाका हातात पान घेऊन उभे. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांच्यापुढच्या कुणालाच येत नव्हतं. थोडा वेळ सगळे तसेच उभे राहायचे आणि मग एकेक करून आत जायचे. कुणी निकमकाकांना काही बोललं नाही. कुणी बोलायची गरजच उरली नव्हती.

एका संध्याकाळी निकमकाकांना ते सहन झालं नाही. ते घरातून स्वतःचा ग्रंथ घेऊन आले, मंगलाचं पान काढलं आणि वाचायला लागले. चांगलं वाचत होते. शब्द तेच, ओळी त्याच. अडलेलं वाक्य सुटलं होतं. तेवढ्यात पगारेबाबा, ज्यांना एका कानाने कमी ऐकू येतं ते पगारेबाबा, शेजारच्या दारातून म्हणाले, "ह्यो आवाज पोरीचा नाय."

आवाजात राग नव्हता. चुकीच्या फलाटावर गाडी आली तर सांगावं तसं त्यांनी सांगितलं. निकमकाका ओळीच्या मध्येच थांबले. ग्रंथ मिटला. आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर ते स्वतः जिना झाडत होते. मग फिनेलची बादली, मग पिण्याच्या पाण्याचा हंडा वर. नंतर तुझ्या दारासमोर अंतर ठेवून उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "पान अडलंय, आत्या. पोरीला पाठवा."

त्या संध्याकाळी मंगला आपल्या खोलीच्या दारात उभी राहून वाचायला लागली तेव्हा आवाज जेमतेम जिन्याखाली पोचत होता. निकमकाकांची आई, जिच्या जिवासाठी हे सगळं झालं होतं, ती खालून ओरडली, "मोठ्यानं वाच गं, दम्याचा त्रास मला आहे, तुला नाही." गल्ली हसली. मंगलाही हसली आणि मग मोठ्याने वाचलं. तिचं शेवटचं वाक्य अर्धं तुटलं आणि निकमकाकांनी ते पुरं केलं. आत्या, मी आयुष्यात अनेक विजय साजरे केलेत, गुलाल उधळलाय. त्यातला एकही याच्या जवळ जात नाही. घोषणा नाही, नाव नाही, कुणी हरलं नाही. कण्यावरून कापलेल्या सुट्या पानांनी एका बाईने सबंध गल्ली वळवली होती.

तरी मी तुला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, त्यांनी माफी मागितली नाही. तू म्हणालीस, जिना झाडला ना. मी म्हटलं, जिना झाडणं म्हणजे माफी नव्हे. "मग काढ पत्रक," म्हणालीस आणि हसत भाजी निवडायला बसलीस. तो वाद तसाच राहिला. माझं मत बदललेलं नाही हे तुला कळावं म्हणून इथे लिहिते. माणसांनी चूक बोलून दाखवली पाहिजे. पण तुझ्या पद्धतीने पोरगी खोलीत परतली, आणि माझ्या पद्धतीने परतली असती का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आश्विन पौर्णिमेला वाचन संपलं. साथ ओसरली होती. विहाराचं कुलूप निघालं. घरोघरची पानं गोळा झाली. कुठे तेलाचा डाग, कुठे हळदीचं बोट, पगारेबाबांच्या पानांच्या कडा हाताळून मऊ झालेल्या. बाबांनी तुझ्या मांडीवरच्या त्याच पुठ्ठ्यांत ग्रंथ पुन्हा बांधला. डाग तसेच ठेवले. सगळे खूश होते. मग थंडी आली, दारं लवकर लागायला लागली, आतून टीव्हीचे आवाज यायला लागले.

आणि तू गेलीस.

पहाटे झोपेत, डॉक्टर म्हणाले. काही करण्यासारखं नव्हतं. मला ते पुरत नाही. तुझ्या पायरीवर दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच पडून होती. सगळी गल्ली तिच्यावरून आली आणि गेली. कॉलेजातून परतताना मंगलाने ती पाहिली आणि धावत माझ्याकडे आली. तिचा श्वास पुरत नव्हता. "ताई, आत्याचं दार गप्प आहे," एवढंच म्हणाली.

आत्या, मला तुझ्यावर आज सगळ्यात जास्त राग याचा आहे. प्रत्येक घराच्या गप्प होण्याकडे तू कान लावून बसलीस. तू गप्प झालीस तर कुणाचं वाचन अडणार होतं? तू स्वतःला एक पान का घेतलं नाहीस? वर्षानुवर्षं इतरांची लाइन जोडून दिलीस आणि तुझा पहिला हॅलो कुणी ऐकायचा, हे ठरवायचंच विसरलीस. की विसरली नव्हतीस? भरल्या घराच्या गलक्यातले एकटे हॅलो, असं तू मला सांगितलं होतंस ना, त्यात कुठे तुझाही होता का? मी ते गोष्ट म्हणून ऐकलं. आता विचारायला तू नाहीस.

आज सकाळी मी छापखान्यात बसले होते. निकमकाका आले. काखेत लाल कपड्यातला ग्रंथ होता. आता वर्षावास नाही, साथ नाही, कुणी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांनी ग्रंथ बाबांपुढे ठेवला आणि म्हणाले, "कापा." बाबांनी हात धुतले, वंदन केलं. या वेळी त्यांच्या हातावर हात ठेवायला कुणी लागलं नाही.

पानं मंगलाने वाटली. ओळीने, तू वाटायचीस तशीच. तुझ्या बंद दारापाशी ती थांबली, मग एक पान तुझ्याही पायरीवर ठेवलं. वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवला. मला मात्र तिने पान दिलं नाही. पुठ्ठे दिले.

उद्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला की दिवेलागणीला पहिल्या पानापासून सुरू करायचं ठरलंय. मी लाल खुर्चीत बसणार आहे. मला ऐकायची सवय नाही, तुला माहीत आहे. तुझं दार आलं की सगळ्यांनी थांबायचं, इथपर्यंत कुणाचं दुमत नाही. निकमकाकांनी फक्त विचारलं की किती वेळ थांबायचं, त्याचं काय ठरवायचं?  पगारेबाबा विहाराच्या दाराशी बसून आपलं पान पाठ करत होते. त्यांनी ओळीवरचं बोट न उचलता मान वर केली.

"थांबू की," म्हणाले. "घाई कुणाला हाय?"